डाँकी काँगचे कॅबिनेट घरी बांधताना: काठी, पडदा आणि बाकीचे सगळे

दिवाळीनंतर सुरू केलेले आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुरे झालेले ‘डाँकी काँग’ या जुन्या व्हिडिओ गेमचे कॅबिनेट, म्हणजे गेम पार्लरमध्ये असायचे तसे उभे यंत्र, आता आमच्या पुण्यातल्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे आहे. तयार यंत्र विकत न घेता प्लायवूडपासून तारांपर्यंत सगळे स्वतः जमवले असल्यामुळे हे परीक्षण एका वस्तूचे नसून तिच्यात गेलेल्या प्रत्येक भागाचे आहे. माझे मत आधीच सांगतो. असे कॅबिनेट जमले की फसले, हे काठी (जॉयस्टिक) आणि पडदा या दोनच गोष्टींवर ठरते, आणि पहिल्यांदा बांधणारा माणूस नेमका तिथेच हात आखडता घेऊन वाचलेले पैसे रंगावर आणि दिव्यांवर घालवतो.

निन्टेंडोचा हा खेळ १९८१चा, शिगेरू मियामोतो यांनी रचलेला. अमेरिकेत ‘रडार स्कोप’ या खेळाची न खपलेली कॅबिनेटे कंपनीकडे पडून होती. त्यांतच हा नवा खेळ बसवून विक्री सुरू झाली, म्हणून तिकडची सुरुवातीची यंत्रे लाल आहेत आणि नंतरची ओळखीची आकाशी. मी आकाशी निवडले. खरे तर माझ्या पिढीचा गेम पार्लरमधला खेळ म्हणजे ‘मुस्तफा’, अर्थात कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, आणि मित्रांनी तोच बांधायचा आग्रह धरला होता. पण त्याला आडवा पडदा आणि दोन-तीन जण खांद्याला खांदा लावून उभे राहतील एवढे काठ्या-बटणांचे रुंद पॅनेल लागते; डाँकी काँगला उभा पडदा, चार दिशांची एक काठी आणि उडीचे एक बटण पुरते. हजारो खेळ भरलेल्या तयार पेट्या बाजारात मिळतात, त्यांचा मला मोह झाला नाही, कारण त्यांच्या आडव्या पडद्यावर उभ्या चित्राचे खेळ मधल्या अरुंद पट्टीत अंग चोरून बसतात आणि त्यांच्या आठ दिशांच्या काठीवर चार दिशांचा खेळ नीट खेळताच येत नाही.

लाकूडकामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मूळ यंत्रांची मापे घेऊन हौशी लोकांनी काढलेले आराखडे सहज मिळतात. उंची साधारण साडेपाच फूट. ओळखीच्या सुताराने एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) साफ नकार दिला आणि पावसाळा व वाळवी या दोन कारणांसाठी १९ मिलिमीटरचे मरीन प्लाय घ्यायला लावले. वजन त्यामुळे वाढले, पण सल्ला योग्यच होता. रंगाऐवजी सनमायका लावण्याची सूचनाही त्याचीच. तीही मी मानली, मात्र दुकानातल्या लहानशा नमुन्यावरून निवडलेला आकाशी पूर्ण बाजूवर लागल्यावर दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसतो, हे मला उशिरा कळले. कडेला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची प्लास्टिकची पट्टी बसते, तिच्यासाठी प्लायच्या जाडीत बारीक खाच मारावी लागते. ही खाच राउटरने आणि कडेच्या बरोबर मध्यावर मारावी. आमच्या एका बाजूची खाच किंचित रुंद झाली आणि तिथली पट्टी आजही मधूनमधून सुटते.

आता काठी. मी जपानच्या सान्वा कंपनीची जेएलएफ ही काठी घेतली आणि संपूर्ण कामात इतका समाधानाचा खर्च दुसरा झाला नाही. तिच्या पोटात चार मायक्रोस्विच असतात आणि काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूचा स्विच दबतो. मूळ बसवणीत काठी तिरकी नेली की शेजारचे दोन स्विच एकदम दबतात. मारामारीच्या खेळांत तेच हवे असते, पण डाँकी काँगमध्ये शिडीच्या पायथ्याशी पोहोचून वर चढताना हात जरासा जरी तिरका गेला, तरी खेळाला वर आणि उजवीकडे अशा दोन आज्ञा एकाच वेळी मिळतात, आपला गडी जागच्या जागी अडखळतो आणि वरून घरंगळणारे पिंप येऊन आदळते. यावरचा उपाय काठीतच आहे. तळाशी काठीची हालचाल अडवणारी प्लास्टिकची चौकोनी चौकट असते, ती काढून ४५ अंशांत फिरवून पुन्हा बसवली की कोपरे तिरप्या दिशांऐवजी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे येतात आणि काठी चार दिशांची होते. पाच मिनिटांचे काम. हा बदल करण्यापूर्वी माझी मुलगी पहिली पायरीसुद्धा ओलांडत नव्हती. दोष तिचा नव्हता.

काठी कशावर बसवायची, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. १९ मिलिमीटर प्लायच्या खालून ती लावली, तर दांडा पुरेसा वर येत नाही आणि मूठभर लांबीऐवजी बोटभर टोक हाती येते. प्लाय खालून कोरून पातळ करता येते, पण मूळ यंत्राचे पॅनेल धातूचेच होते, म्हणून मी दोन मिलिमीटरच्या पत्र्याचे लेझर कटिंग करून घेतले, त्याला बेंड मारला आणि काळी पावडर कोटिंग केली. पुण्यासारख्या कारखान्यांच्या गावात हे काम दोन दिवसांत होते. बटणांची भोके मात्र बटणे हाती आल्यावरच पाडावीत: सान्वाचे मोठे बटण ३० मिलिमीटरचे असते, तर अमेरिकी पद्धतीच्या बटणाला सुमारे २८ मिलिमीटरचे भोक लागते, आणि पत्र्यात एकदा पाडलेले भोक लहान होत नाही.

पडद्याच्या बाबतीत पहिला डाव फसला. ऑफिसांतून निघालेला १९ इंची जुना मॉनिटर मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात घेतला आणि उभा करून बसवला. त्याचा पडदा टीएन या प्रकारचा निघाला, जाहिरातीत मात्र तसा उल्लेख नव्हता. टीएन पडद्याचे रंग वरून-खालून पाहताना बिघडतात. तो उभा केला की हाच बिघाड डाव्या-उजव्या बाजूंना येतो, आणि समोर उभ्या माणसाच्या दोन डोळ्यांना दोन वेगळ्या छटा दिसून थोड्याच वेळात डोके जड होते. उभ्या खेळासाठी बाजूने पाहतानाही रंग टिकवणारा आयपीएस प्रकारचा पडदाच घ्यावा, याबाबतीत तडजोड नको.

दुसरा डाव मात्र अनपेक्षितपणे छान जमला. साध्या २४ इंची मॉनिटरचा पडदा साधारण ५३१ बाय २९९ मिलिमीटर असतो. तो उभा केला की रुंदी २९९ होते आणि तीनास चार या प्रमाणातले चित्र त्या रुंदीत ३९८ मिलिमीटर उंच बसते. या चित्राचा कर्ण साडेएकोणीस इंचांच्या आसपास भरतो, म्हणजे जुन्या यंत्रांतल्या १९-२० इंची काचनळीच्या (जुन्या टीव्हीत असे त्या पिक्चर ट्यूबच्या) जवळपास तेवढाच. वर आणि खाली सुमारे ६६ मिलिमीटरच्या काळ्या पट्ट्या उरतात, त्या काळ्या कार्डबोर्डच्या चौकटीमागे झाकल्या जातात. खालची पट्टी पॅनेलच्या मागे उतरवण्यासाठी आधाराच्या रिपा दोनदा काढून पुन्हा ठोकाव्या लागल्या, एवढाच त्रास झाला. काचनळीची ऊब आणि तो किंचित फुगीरपणा यात नाही, हे मान्य. पण नळी दुरुस्त करणारा कारागीर आज शोधायचा कुठे, आणि बंद यंत्रातही उच्च दाबाची वीज साठवून ठेवणारी वस्तू लहान मुलांच्या घरात ठेवायची कशाला?

खेळ चालवण्यासाठी बहुतेक जण रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि जुने पार्लरचे खेळ संगणकावर चालवणारे मेम हे सॉफ्टवेअर वापरतात. १९९७ पासून चालत आलेले मेम मोफत आहे आणि त्याची गुणवत्ता वादातीत आहे, पण त्यात चालवायच्या खेळाचा हक्क त्याच्यासोबत मिळत नाही. मी कॅबिनेटच्या पोटात निन्टेंडो स्विच हे गेम खेळण्याचे यंत्र ठेवले, कारण त्यावर २०१८ पासून ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ मालिकेत मूळ डाँकी काँग अधिकृतपणे विकत मिळतो, त्यात जपानी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही आवृत्त्या आहेत आणि चित्र उभे फिरवण्याची सोयही आहे. काठीच्या आज्ञा निन्टेंडो स्विचपर्यंत पोहोचवण्यासाठी मध्ये आधी एक निनावी स्वस्त यूएसबी बोर्ड लावला होता. ‘सर्व यंत्रांवर चालतो’ असे त्याच्या पाकिटावर छापलेले होते. स्विचने त्याला ओळखही दाखवली नाही. त्याच्या जागी ब्रूक कंपनीचा युनिव्हर्सल फायटिंग बोर्ड बसवला आणि अडचण मिटली. तो स्वस्तापेक्षा कितीतरी महाग आहे, तरी मी पुन्हा तोच घेईन.

वरच्या नावाच्या पाटीसाठी बॅकलिट प्रिंट, दुधी ॲक्रिलिक आणि एलईडीची पट्टी पुरली. परदेशातून नाण्यांचा दरवाजा मागवण्याचा विचार टपालखर्च पाहून सोडून दिला. त्या जागी साधे झाकण आहे आणि नाण्याचे काम एक बटण करते. पाहुण्यांमध्ये आजवर एकानेही त्याबद्दल विचारलेले नाही.

एकूण खर्च सुताराची मजुरी धरून, पण घरात आधीपासून असलेले स्विच वगळून, पंचेचाळीस हजारांच्या आत बसला. त्यातले सुमारे तीन हजार त्या टीएन मॉनिटरचे आणि निकामी बोर्डाचे आहेत, ते तुम्ही वाचवू शकता. ज्यांना दर रविवारी नवा खेळ हवा असतो त्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांना एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा आहे त्यांनी खुशाल जावे, फक्त सुताराला पहिली खूण मारू देण्यापूर्वी इमारतीच्या लिफ्टची मापे घ्यावीत. आमचे कॅबिनेट चौघांनी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आणले.