आईचे वाढलेले कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड: नाशिकमधील हार्मोनतज्ज्ञांच्या दवाखान्याचा अनुभव

माझी आई ६२ वर्षांची आहे. पाच वर्षांत तिला तीन वेळा मुतखडा झाला, अंगदुखी कायमची जडली आणि पंचवटीतून रोज रामकुंडावर चालत जाणारी ही बाई घाटाच्या पायऱ्या उतरायला घाबरू लागली. हाडे दुखतात म्हणून आधीच्या एका दवाखान्यातून तिला वर्षभर कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. रक्तातील कॅल्शियम ११.४ आले तेव्हा गोळ्या महिनाभर थांबवा, एवढेच तिथे सांगण्यात आले. थांबवूनही ते ११.३ राहिले, म्हणून आम्ही या दवाखान्यात आलो.

डॉक्टरांनी आईला तपासून झाल्यावर कागदावर गळ्याचे चित्र काढले. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात आणि रक्तातील कॅल्शियम ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आसपास राखणे हे त्यांचे काम असते. ते कमी झाले की त्या हार्मोन सोडतात, त्यामुळे हाडांतील कॅल्शियम रक्तात येते, मूत्रपिंडे कॅल्शियम राखून फॉस्फेट बाहेर टाकतात आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देतात, ज्याच्या बळावर आतडी अन्नातून जास्त कॅल्शियम शोषून घेतात. उलट, कॅल्शियम वाढले की हे हार्मोन घटायला हवे. आईचे मात्र कॅल्शियम वाढलेले असतानाच हार्मोन १३८ होते, जे एरवी ६५च्या आत असते. "काकू, हे कॅल्शियम गोळ्यांतून आलेलं नाही, तुमच्याच हाडांतून येतंय," असे त्या म्हणाल्या, आणि रक्तात इतके कॅल्शियम असताना हाडे का दुखतात, हे आम्हाला प्रथमच कळले. मुतखड्याचे कारणही तेच होते, कारण रक्तातून गाळले जाणारे कॅल्शियम इतके वाढते की मूत्रपिंडांनी राखूनही बरेचसे लघवीत उतरते.

तपासण्यांतील काटेकोरपणा मला सर्वांत मोलाचा वाटला. रक्त घेणाऱ्या ताईंनी शीर सापडताच दंडाचा पट्टा सैल केला, कारण तो बराच वेळ आवळलेला राहिला तर कॅल्शियमचा आकडा खोटाच वाढतो. रक्तातील कॅल्शियमचा मोठा भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो, म्हणून अल्ब्युमिनही त्याच वेळी मोजले. हाडांच्या घनतेच्या तपासणीत कंबर आणि खुबा यांच्याबरोबर मनगटाजवळचा हाताचा भाग मुद्दाम घ्यायला सांगितला, कारण या आजारात तिथली झीज लवकर दिसते. आईची सर्वांत जास्त झीज तिथेच निघाली.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. २४ तासांची लघवी गोळा करण्याच्या सूचना फक्त इंग्रजीत छापलेल्या होत्या. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली मात्र घ्यायची, हे आईला कळले नाही. पाच लिटरचा कॅन मांडीवर धरून ती रिक्षाने आली आणि सगळे वाया गेले. ही तपासणी टाळण्यासारखी नव्हती. काही घराण्यांत कॅल्शियम ओळखण्याची शरीराची पातळीच जन्मतः वर असते, त्यांच्या लघवीत कॅल्शियम कमी उतरते आणि त्यांना शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही. तो प्रकार नाही याची खात्री केल्याशिवाय डॉक्टर पुढे जाणार नव्हत्या. इतकी महत्त्वाची तपासणी असेल तर सूचना मराठीतच हव्यात. संध्याकाळी सहाची वेळ देऊन साडेसातला आत घेतात, तेही सुधारायला हवे.

स्कॅनमध्ये डावीकडच्या खालच्या ग्रंथीत गाठ दिसली आणि दुसऱ्या एका रुग्णालयात सर्जनांनी ती काढली. दुसऱ्या दिवशी आईच्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते: उरलेल्या तीन ग्रंथी इतके दिवस दबलेल्या असतात, त्यांना जागे व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात उपाशी हाडे रक्तातील कॅल्शियम ओढून घेतात. म्हणून बंद केलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या आता जेवणाबरोबर दिवसातून तीनदा सुरू झाल्या. फोनवरून डोस ठरवताना त्यांनी घाई केली नाही. सहा महिन्यांनी कॅल्शियम ९.४ आहे आणि आई पुन्हा रामकुंडावर जाते.

इथे येणाऱ्यांनी जुने सगळे रिपोर्ट सोबत आणावेत. चार वर्षांपूर्वीच्या मुतखड्याच्या आमच्या फाइलमध्ये कॅल्शियम १०.९ असल्याची नोंद होती. ती याच डॉक्टरांनी पाने उलटताना शोधून काढली आणि पेनाने तिच्याभोवती गोल केला.