अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया: फॅक्टर ८, बेथेस्डा की आयजीए, आधी कुठली टेस्ट?

मालवणच्या आमच्या मामांच्या हातावर काळेनिळे डाग आले तेव्हा वाटलं होडीवर कुठेतरी आपटले असतील, पण चार दिवसांत मांडी सुजून टणक झाली, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या दोन टेस्टपैकी एपीटीटी लांबलेली आणि पीटी नॉर्मल. निदान झालं अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया. यात, बहुतेक वेळा म्हातारपणी, शरीरच स्वतःच्या फॅक्टर ८ (रक्त गोठवणारं एक प्रथिन) विरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतं, वर्षाला दहा लाखांत एखाद-दोघांना. मग टेस्टची यादी हातात आली आणि आम्ही गोंधळलो, म्हणून ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

माझ्या मते पहिली फॅक्टर ८ लेव्हल. जर्मनी-ऑस्ट्रियात १०२ पेशंटांवर झालेल्या अभ्यासात (२०१५) सुरुवातीची लेव्हल १% च्या खाली असलेल्यांना लेव्हल वर यायला साधारण ४३ दिवस लागले, बाकीच्यांना २४. मामांची १% च्या खालीच होती, आकडा माहीत असल्यामुळे निदान रोज उठून "अजून का नाही" असं झालं नाही.

बेथेस्डा टायटर म्हणजे अँटीबॉडीचा जोर, १ युनिट म्हणजे २ तासांत नॉर्मल प्लाझ्मातलं निम्मं फॅक्टर ८ निकामी करणारी अँटीबॉडी. ही पण लागतेच, कारण २०२० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत लेव्हल १% च्या खाली किंवा टायटर २० च्या वर असेल तर नुसत्या स्टिरॉइडवर न थांबता सुरुवातीलाच रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) जोडायला सांगितलंय. फक्त या आजारात अँटीबॉडी सरळ हिशोबाने वागत नाही, त्यामुळे दोन लॅबचे टायटर शेजारी ठेवून घाबरू नका, दरवेळी एकाच लॅबमधून करा.

आयजीए म्हणजे अँटीबॉडीचाच एक प्रकार, तिचं वेगळं आहे, त्याच जर्मनी-ऑस्ट्रियाच्या अभ्यासातल्या पेशंटांवरून २०१६ मध्ये दिसलं की ती असेल तर आजार आटोक्यात यायची शक्यता कमी आणि उलटायची जास्त. वाचून मलाही वाटलं करूनच घेऊ, पण ती अजून रिसर्चची टेस्ट, तिच्यासाठी उपचार एक दिवसही थांबवू नका.

सॅम्पलचं मात्र डोक्यात ठेवा, सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त तसंच गाडीत घालून मुंबईला पाठवलं तर वाटेत फॅक्टर ८ उतरतं आणि रिपोर्ट खोटा कमी येतो, प्लाझ्मा चार तासांच्या आत इथेच वेगळा करून गोठवून पाठवायचा. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था (एनआयआयएच) आहे, तिथे इन्हिबिटरचं, म्हणजे फॅक्टर निकामी करणाऱ्या अशा अँटीबॉडीचं, काम होतं.

आणि यातला एकही आकडा रक्तस्राव किती होईल ते सांगत नाही. टायटर कमी आलं म्हणून दंडात इंजेक्शन घेऊ देऊ नका.