डिजिटल स्क्रॅपबुकसाठी घरगुती एम्बेलिशमेंट्स: इंकस्केप आणि चित्र तयार करून देणारी साधने, काही महिन्यांच्या वापरानंतर

डिजिटल स्क्रॅपबुकिंगसाठी, म्हणजे संगणकावर फोटो आणि सजावट मांडून अल्बमची पाने करण्यासाठी, तयार मिळणारी किट्स देखणी असतात, पण आपल्या घरातले प्रसंग त्यांत सहसा बसत नाहीत. ख्रिसमसची हिमफुले, हॅलोवीनचे भोपळे आणि वाशी टेपच्या (नक्षीदार कागदी चिकटपट्टीच्या) पट्ट्या अशी एम्बेलिशमेंट्स, म्हणजे सजावटीचे घटक, हवी तितकी मिळतात. मुंडावळ्या, गोंड्याचे तोरण, ठिपक्यांची रांगोळी किंवा पैठणीचा नारळी काठ शोधू लागले की हाती फारसे लागत नाही. आईच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी कुटुंबाचा अल्बम करायचा होता, म्हणून हे घटक स्वतःच तयार करायचे ठरवले आणि गेले काही महिने त्यासाठी रेषांची चित्रे काढण्याचे इंकस्केप, आज्ञा देऊन चित्रांच्या फाइलींवर प्रक्रिया करणारे इमेजमॅजिक आणि शब्दांवरून चित्र काढून देणारी एक ऑनलाइन सेवा अशी तीन साधने नियमित वापरली. एकच आकृती ठरावीक नियमाने पुनःपुन्हा मांडायची असेल तर ते काम यंत्रावर खुशाल सोपवावे. पहिली आकृती मात्र हाताने काढावी, असे माझे मत या काळात पक्के झाले आहे.

इंकस्केप हे 2003 पासून विकसित होत असलेले मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यातील ‘टाइल्ड क्लोन्स’ ही एकाच आकृतीच्या अनेक प्रती मांडणारी एकच सोय माझ्या कामासाठी सर्वाधिक मोलाची ठरली. झेंडूची किंवा कमळाची एक पाकळी नीट काढावी, तिचा फिरण्याचा केंद्रबिंदू देठाच्या टोकाशी आणावा, एका ओळीत बारा प्रती मागाव्यात, प्रत्येक प्रतीला 30 अंशांचे वळण द्यावे आणि प्रती बाजूला सरकू नयेत म्हणून मूळ आकृतीची रुंदी वगळण्याचा पर्याय निवडावा, की पूर्ण फूल तयार होते. प्रती मूळ पाकळीशी जोडलेल्या राहत असल्यामुळे पाकळीचे टोक थोडे निमुळते केले की साऱ्या फुलाचा नूर बदलतो. त्याच खिडकीत सममितीचे 17 प्रकार दिलेले आहेत. सपाट पृष्ठभागावर दोन्ही दिशांना पुनरावृत्त होणारी कोणतीही नक्षी गणिताच्या दृष्टीने या 17 प्रकारांपैकी एकात बसते. त्यामुळे पार्श्वभूमीच्या कागदांसाठी वेगळे काही शोधावे लागत नाही. रंगात आणि आकारात किंचित अनियमितता आणण्याचीही सोय आहे. ती थोडीशी वापरली की तोरणातला प्रत्येक गोंडा हाताने ओवल्यासारखा दिसतो, पण त्यासाठी मूळ आकृतीचा रंग आधी ‘अनसेट’ करावा, म्हणजे न ठरवलेला ठेवावा लागतो. एरवी सगळ्या प्रती एकाच रंगाच्या निघतात.

पैठणीवरची आसावलीची वेल अल्बमच्या पानाच्या कोपऱ्यातून वळवायची असेल तर नक्षी रेषेवर बसवण्याचा ‘पॅटर्न अलाँग पाथ’ हा परिणाम उपयोगी पडतो. याच नावाची दोन साधने इंकस्केपमध्ये आहेत. पाथ इफेक्ट्समधले साधन एकाच रंगाच्या सलग आकृतीसाठी ठीक आहे. फुले लाल, पाने हिरवी आणि देठ सोनेरी अशी वेल असेल तर एक्स्टेन्शन्सच्या यादीतले साधन घ्यावे, कारण ते समूह केलेल्या आकृत्याही स्वीकारते.

आईच्या रांगोळीच्या जुन्या वहीतील पाने मी फोटोंवरून इंकस्केपच्या ‘ट्रेस बिटमॅप’ने रेषांत उतरवली. हे काम पोट्रेस नावाचे इंजिन करते. पिवळ्या पडलेल्या कागदावर उजेडाची मर्यादा प्रत्येक पानागणिक बदलावी लागते, आणि पेन्सिलीची रेषा साध्या ट्रेसिंगमध्ये दोन कडा असलेली पट्टी बनून येते. 2020 मधील 1.0 आवृत्तीपासून मध्यरेषा शोधण्याचा पर्याय मिळाला आहे. तो निवडला की एकच रेषा हाती येते आणि तिची जाडी नंतर हवी तशी ठेवता येते. ठिपके मात्र या पर्यायात बिघडतात, म्हणून ते मी वेगळ्या थरावर पुन्हा मांडते.

खरी कसोटी लागते ती देवनागरी अक्षरांची. इंग्रजी किटमध्ये प्रत्येक अक्षराची स्वतंत्र फाइल असते आणि ती जुळवून हवा तो शब्द करता येतो. आपल्याकडे मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे ही पद्धत चालत नाही. त्यामुळे संपूर्ण शब्दांच्याच पट्ट्या कराव्या लागतात. इंकस्केपची एसव्हीजी फाइल मुळात साधा मजकूरच असल्याने मी एक नमुना तयार करून त्यात शब्दाच्या जागी खूण ठेवली, आणि ‘साखरपुडा’, ‘बारसे’, ‘मंगळागौर’, ‘आजोळ’ अशा शब्दांची यादी वाचून प्रत्येकाची वेगळी फाइल काढणारी छोटी आज्ञावली पायथन या संगणकभाषेत लिहिली. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या मुक्त परवान्याच्या फाँटांपैकी ‘मोदक’ हा गुबगुबीत फाँट मथळ्यांना शोभतो आणि ‘मुक्त’ हा फाँट बारीक मजकुराला. दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. मजकुराचे पाथमध्ये, म्हणजे रेषांच्या आकृतीत, रूपांतर करून त्याला स्टिकरसारखी पांढरी कड दिली, तर अक्षरे जिथे एकमेकांवर येतात तिथे सांधे उघडे पडतात. त्यामुळे कड देण्यापूर्वी सर्व अक्षरांचे ‘युनियन’ करणे, म्हणजे ती एकाच आकृतीत जोडणे आवश्यक आहे.

चित्र तयार करून देणाऱ्या सेवेबद्दल मी फारशी उत्साही नाही. मला मिळणारी चित्रे 1024 × 1024 पिक्सेलची होती. 12 × 12 इंचांचे पान 300 डीपीआयला (प्रति इंच 300 ठिपके) छापायचे तर 3600 × 3600 पिक्सेल लागतात, म्हणजे असे चित्र जेमतेम 3.4 इंचांवर स्पष्ट छापले जाते. पारदर्शक पार्श्वभूमी मागितली तर कित्येकदा पारदर्शकतेची खूण असलेली राखाडी-पांढऱ्या चौकड्यांची नक्षी चित्रातच रंगवून येते. नथ मागितली की मोत्यांच्या मराठी नथीऐवजी गोल कडी आणि साखळी समोर येते, आणि देवनागरी शब्दांबद्दल तर न बोललेलेच बरे. शिवाय प्रत्येक चित्रात सावली वेगळ्या बाजूला पडलेली असते. हा दोष सर्वांत त्रासदायक आहे, कारण एका पानावर दोन दिशांचा उजेड आला की घटक चिकटवलेले वाटत नाहीत, तरंगताना दिसतात. जुना कागद, खादीचे कापड, रंगाचे ओघळ अशा आकार नसलेल्या पोतांसाठी मात्र मी ही सेवा आजही वापरते आणि तिथे ती वेळ वाचवते.

याच कारणाने माझ्या एकाही एम्बेलिशमेंटमध्ये सावली आधीपासून नसते. ती पानावर मांडणी झाल्यावर, सगळ्यांना एकाच कोनातून दिली जाते. कागदी पट्टीला अगदी थोडी, फितीला आणि गोंड्याला जास्त. निर्यातीसाठी, म्हणजे चित्रे फाइलींत काढण्यासाठी, इंकस्केपच्या 2022 मधील 1.2 आवृत्तीत आलेली एकगठ्ठा एक्सपोर्टची खिडकी पुरेशी आहे. निघालेल्या पीएनजी फाइलींच्या रिकाम्या कडा छाटणे आणि लहान पूर्वदृश्ये बनवणे ही कामे इमेजमॅजिक एका आज्ञेत करते, फक्त त्यातील ‘मॉग्रिफाय’ मूळ फाइलवरच बदल लिहिते, त्यामुळे ते नेहमी प्रतींच्या फोल्डरवर चालवावे.

छपाईबाबत एकच सूचना करते. पैठणीची सोनेरी जर पडद्यावर पिवळ्या-तपकिरी छटांच्या उतारामुळे झळकते, पण मॅट कागदावर तीच मातकट होते. गडद छटा आणखी गडद करून उजळ भाग अगदी अरुंद ठेवले तर फरक पडतो. दुकानात अल्बम पाठवण्यापूर्वी काठाचा एक तुकडा 4 × 6 इंचांच्या साध्या प्रिंटवर, शक्यतो त्याच प्रकारच्या कागदावर, छापून पाहावा.