शेतातल्या रेस्टॉरंटचा आठ महिन्यांचा अनुभव: जेवण उत्तम, पण समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही

पाचव्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाचा फोन आला. "तुम्ही जाऊन या. मी नाही येत." कारण विचारलं तर आधी टाळाटाळ केली, मग म्हणाला, "तीन तास नुसती मान डोलवत बसतो गं मी. कुणाचं अक्षरही कळत नाही. घरी येतो तेव्हा डोकं ठणकत असतं." तो कानाला मशीन लावतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. चार खेपा तो आमच्याशेजारी बसून जेवला आणि आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही. मला ते फार लागलं. हे लिहायला बसले ते त्या फोनमुळे.

जागेचं वर्णन करत नाही. शहरापासून तासाभराच्या अंतरावर, आजूबाजूला त्यांचीच शेती, सात पदार्थांचा ठरलेला मेन्यू, तोही शेतात काय आलंय त्यावर बदलणारा. अशा जागांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. आम्ही सहा जण कॉलेजपासूनचे. दर महिन्याला एकदा भेटायचं, आणि भेटायचं तर जरा चांगल्या ठिकाणी, असं ठरवून गेले आठ महिने तिथे जातोय. पहिल्या दोन खेपांनंतर मला विचारलं असतं तर मी डोळे मिटून पैकीच्या पैकी गुण दिले असते. भाज्यांना चव होती, पाव गरम होता, वाढणारी मुलं अदबीनं वागत होती. पोट भरलं की आवाजाबिवाजाकडे कोण लक्ष देतं!

तो फोन आला आणि पाचव्या खेपेला मी फक्त ऐकत बसले. हॉल दिसायला देखणा आहे. तीन बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच, खाली गुळगुळीत दगडी फरशी, वर उंच छत, टेबलं उघड्या लाकडाची. पडदा नाही, गालिचा नाही, टेबलावर कापडही नाही. काच आणि दगड आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. जो आवाज निघेल तो भिंतीवर आपटून परत येतो, फरशीवर आपटून वर जातो आणि पुढचा शब्द निघेपर्यंत मागचा हवेतच असतो. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. दुपारी साडेबाराला हॉल रिकामा असताना आकडा ५२ होता. दीड वाजता सगळी टेबलं भरल्यावर ७९. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे शेजारच्याशी बोलायचं तर ओरडायलाच हवं. आणि आपण ओरडलो की शेजारचं टेबलही ओरडतं. एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ सालीच हे नोंदवून ठेवलंय: भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला लोंबार परिणाम म्हणतात. त्या हॉलमध्ये तो दर रविवारी दीड वाजता अनुभवता येतो.

मशीन लावणाऱ्याची अडचण आपल्याहून वेगळी असते, हे मला आता समजतंय. मशीन आवाज मोठा करतं, पण काटे-चमच्यांचा, खुर्च्या सरकवण्याचा आणि मागच्या टेबलावरच्या हसण्याचाही करतं. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, त, फ ही व्यंजनं तिथंच असतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग माणूस ओठांकडे बघून अंदाज बांधतो. आणि या रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी दिवे इतके मंद करतात की ओठही दिसत नाहीत! आम्ही त्या दिव्यांचं कौतुक केलं होतं, फोटो काढले होते.

टेबलाचीही तीच कथा. सहा जणांना ते लांबट टेबल देतात, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. टोकाला बसलेल्याला दुसऱ्या टोकाचं काही पोचत नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. हॉलमध्ये तो थोडा कमी उतरतो, पण भोवतीच्या गलक्यापुढे तेवढंही पुरेसं असतं. तीन-तीनचे दोन गट पडतात आणि सहा जणांची भेट होतच नाही. गोल टेबल मागितलं तर "गोल टेबल चार जणांचंच आहे" असं उत्तर मिळालं.

त्याच पाचव्या खेपेला बिलावरून भांडण झालं. आम्ही पाच जण जेवलो, बिल सहा ताटांचं आलं. नियम असा की चोवीस तास आधी कळवलं नाही तर ताटाचे पूर्ण पैसे. आम्ही कळवलं होतं, पण अठरा तास आधी. मी मॅनेजरला म्हटलं, "जो माणूस तुमच्या हॉलमुळे आला नाही, त्याचे पैसे तुम्ही आमच्याकडून घेताय." तो शांतपणे नियम दाखवत राहिला. मी पैशाच्या बाबतीत काटेकोर आहे. न खाल्लेल्या ताटाचे पैसे देताना माझा हात थरथरत होता. शेवटी पाच जणांत विभागून दिले आणि परत यायचं नाही असं ठरवून निघालो. त्या रात्री हे लिहिलं असतं तर फार कडू लिहिलं असतं.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, मॅनेजरचा नाही, तर स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंचा. त्या म्हणाल्या, ताटाचा नियम बदलता येणार नाही, कारण पानं आणि भाज्या आदल्या दिवशी माणसं मोजून काढतात. काढलेलं परत जमिनीत लावता येत नाही. हे मला पटलं. तेवढ्यापुरता माझा राग चुकीचा होता आणि तो मी मागे घेते. पण पुढे त्यांनी विचारलं, "तुमच्या मित्राला नेमकं काय ऐकू येत नाही?" पाच महिन्यांत त्या जागेतलं कुणीतरी हे पहिल्यांदा विचारत होतं. मी पाऊण तास बोलले. त्यांनी मध्येच तोडलं नाही.

सहाव्या खेपेला आम्हाला हॉलमध्ये नेलंच नाही. भाजीच्या वाफ्यांच्या कडेला, मोठ्या झाडाखाली टेबल मांडलं होतं, आणि तेही गोल. मंगळवारची दुपार होती. वर छत नाही, भोवती भिंती नाहीत, त्यामुळे आवाज घुमायला काही उरलंच नव्हतं. ॲपवर आकडा ५६. आमचा मित्र सूप संपायच्या आत एका जुन्या मास्तरांची नक्कल करायला लागला, आणि आम्ही पाचही जण एकाच वेळी हसलो. अशा जागी सहा जणांचं हसणं एकत्र ऐकल्याला मला किती महिने झाले होते कोण जाणे.

जेवणाबद्दलचं मतही मला तिथं बदलावं लागलं. शेवटचा गोड पदार्थ हॉलमध्ये दरवेळी फिका वाटायचा आणि मी साखर कमी असल्याची तक्रार करत आले. झाडाखाली तोच पदार्थ व्यवस्थित गोड लागला. आत स्वयंपाकघरात विचारलं, कृती बदललेली नव्हती. २०१५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विमानातल्यासारखा ८५ डेसिबलचा आवाज ऐकवून चवीची चाचणी घेतली होती. त्या आवाजात लोकांना गोड कमी जाणवलं आणि मांसल, खमंग अशी उमामी चव उलट जास्त जाणवली. आमचा हॉल ८५ पर्यंत जात नाही आणि माझी जीभ म्हणजे काही प्रयोगशाळा नाही. पण तुमच्या जागेत गोड पदार्थ फिका लागत असेल, तर आचाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा शांत वेळी खाऊन बघा.

एक चूक आमचीही झाली. सातव्या खेपेला पाऊस होता, आतच बसावं लागलं. आम्ही प्रेमानं मित्राला भिंतीला पाठ लावून बसवलं, म्हणजे मागून आवाज येणार नाही. त्याला आणखीच त्रास झाला. त्याच्या कानाच्या तज्ज्ञांनी नंतर सांगितलं की बऱ्याच मशीनचे माइक समोरचा आवाज जास्त उचलतात. भिंतीला पाठ लावली की अख्खा हॉल समोर येतो. हॉल त्याच्या पाठीला हवा आणि आम्ही त्याच्यासमोर भिंतीच्या बाजूला. म्हणजे आम्ही चार महिने नकळत आणि पाचव्यांदा काळजीपोटी त्याला चुकीच्या खुर्चीत बसवलं होतं. आता बुकिंग करतानाच सांगते: कोपऱ्यातलं टेबल, स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, पहिल्या पंगतीची वेळ, आणि टेबलावर एक उजेडाचा दिवा.

पैशांचं तेवढं सांगते, कारण मित्रांबरोबर जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे नडतं. ते टेबलाला एकच बिल देतात, वेगवेगळी बिलं करत नाहीत. आम्ही सुरुवातीला सरळ सहा भाग करायचो. आमच्यातले दोघे दारू घेत नाहीत, तरी वाइनच्या बाटलीचा सहावा भाग भरायचे. इस्रायलमध्ये केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा-सहा जणांचे गट जेवायला बसवले होते. बिल समान वाटायचं ठरलेल्या गटांनी आपापलं बिल भरणाऱ्यांपेक्षा जास्त मागवलं. आमचंही तेच व्हायचं, कुणाच्या मनात लबाडी नसताना. तिसऱ्या खेपेपासून ठरलेलं जेवण समान आणि त्यावरचं टीटीएमएम असा हिशोब ठेवला. खर्च उतरला, कुरबूर थांबली. रेस्टॉरंटनं वेगळी बिलं दिली असती तर मला मोबाइलवर बेरजा करत बसावं लागलं नसतं. ही तक्रार अजून कायम आहे.

पुन्हा हॉलकडे येते, कारण मूळ दुखणं तिथंच आहे. दूरवरच्या रेस्टॉरंटला लोक मोठ्या अपेक्षेनं जातात. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडच्या तीन ताऱ्यांचा अर्थच मुळी 'मुद्दाम प्रवास करून जावं अशी जागा' असा आहे. पण ते तारे फक्त ताटातल्या अन्नाला असतात, हे गाइडवालेच सांगतात. बसायची जागा कशी, आवाज किती, याचा त्यात हिशोब नाही. ज्यांना ऐकायला त्रास होतो त्यांनी तासभर गाडी चालवून जाण्याआधी हे कुठं वाचायचं? मी तरी फोन करून विचारते: भिंती कशाच्या आहेत, पडदे आहेत का, बाहेर बसता येतं का. समोरचा गोंधळला तर उत्तर मिळालंच.

आणि उपाय महाग नसतो. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे असाच एक घुमणारा लेक्चर हॉल सोपवला होता. रिकाम्या हॉलमध्ये आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. त्यानं रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या आणि एकेक वाढवत आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजलं. गाद्या वाढल्या तसा आवाज लवकर विरत गेला. खोल्यांच्या ध्वनीचं शास्त्र त्या गाद्यांवरून उभं राहिलं. मी हे त्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी एका वहीत लिहून घेतलं.

आठव्या खेपेला, म्हणजे गेल्या रविवारी, हॉलच्या एका बाजूला जाड पडदे लागलेले दिसले आणि खुर्च्यांच्या पायांना नमदा चिकटवलेला होता. भर गर्दीत आकडा ७४. पाच डेसिबल उतरले. छताला अजून काहीच लावलेलं नाही आणि बाकी दोन बाजूंना काच तशीच आहे, त्यामुळे मी अजून पूर्ण गुण देणार नाही. आमच्या मित्राला समोरच्या तिघांचं ऐकू आलं, बाजूच्या दोघांचं नाही. मधल्या पदार्थाच्या वेळी त्यानं स्वतःच उठून खुर्ची बदलली आणि म्हणाला, "आता या दोघांची पाळी."

पुढच्या महिन्याचं बुकिंग सहा जणांचं केलंय. मंगळवार, दुपारी साडेबारा, झाडाखालचं टेबल. पाऊस आला तर कोपऱ्यातलं, हॉल त्याच्या पाठीला.