आयसारचे सहा प्रश्न: कॅज्युअल्टीत उपयोगी आहेत, पण त्यांच्या एकट्याच्या भरवशावर कुणाला घरी पाठवू नका

पासष्टीपुढचा रुग्ण कॅज्युअल्टीत आला की नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि साखर बघून ट्रायाजचा, म्हणजे कुणाला आधी बघायचं याचा, रंग ठरतो. हा माणूस आज बरा होऊन घरी गेला, तर पुढच्या सहा महिन्यांत अंथरुणाला खिळेल का, हे त्या रंगावरून कळत नाही. तेवढ्यासाठीच कॅनडातल्या माँट्रियालमध्ये जेन मॅककस्कर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या चार रुग्णालयांतल्या रुग्णांवर अभ्यास करून आयसार (Identification of Seniors at Risk, म्हणजे धोक्यातले ज्येष्ठ ओळखणं) हे साधन तयार केलं. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. एक पानही लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. नर्सला दोन-तीन मिनिटं मिळाली की काम होतं.

प्रश्न असे विचारायचे. आजी, हे दुखणं येण्याआधी तुम्हाला नेहमी कुणाची मदत लागायची का? हे दुखणं आल्यापासून आधीपेक्षा जास्त मदत लागतेय का? गेल्या सहा महिन्यांत एखादी तरी रात्र दवाखान्यात भरती होतात का? एकूणात नीट दिसतं का? विसरण्याचा मोठा त्रास आहे का? रोज तीनपेक्षा जास्त वेगवेगळी औषधं घेता का? प्रत्येक होकाराला एक गुण, फक्त दिसण्याच्या प्रश्नाला उलटं: तिथे ‘नाही’ला गुण. दोन किंवा जास्त गुण झाले की धोका आहे असं धरायचं. घाईत सर्वात जास्त चूक होते ती या चौथ्या प्रश्नावर, म्हणून छापील कागदावर ‘नाही = १’ असं ठळक लिहून ठेवा.

चांगली बाजू अशी की खरोखर खालावणारे रुग्ण सहसा या जाळ्यातून सुटत नाहीत. अडचण उलट बाजूची आहे: जाळ्यात फार जण येतात. मधुमेह आणि बीपी असलेल्या साध्या, हिंडत्याफिरत्या माणसाच्या रोजच्या गोळ्या मोजा. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, झाल्या चार. त्यात मोतीबिंदू असला की दोन गुण भरले. औषधांची मर्यादा पुढे काही ठिकाणी वाढवली गेली, ती याच कारणाने. ख्रिस्तोफर कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा साधनांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आयसारसकट एकही साधन एकट्यानं पुढचं भाकीत पुरेसं अचूक करत नाही, असाच निष्कर्ष निघाला. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: कुणाकडे आणखी पाच मिनिटं द्यायची हे ठरवायला आयसार वापरा. कुणाला भरती करायचं आणि कुणाला सोडायचं, हे त्यावर ठरवू नका.

आपल्याकडे पहिला प्रश्न हमखास फसतो. घरातल्या आजोबांना जेवण वाढून, पाणी हातात देऊन, आंघोळीचं पाणी काढून देणं ही अनेक घरांतली रीतच आहे. मदत लागते का म्हटलं की सून ‘हो’ म्हणते. त्याऐवजी विचारा: घरात कुणी नसलं तर एकट्यानं संडासला जाता येतं का, कपडे बदलता येतात का, गोळ्या ओळखून घेता येतात का? औषधांचा आकडा तोंडी घेऊ नका. पिशवी मागवा आणि स्ट्रिपा टेबलावर मांडा. एकच औषध दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावांनी दिलेलं असतं, झोपेची गोळी ‘औषध’ म्हणून कुणी सांगत नाही, आणि वैद्यांची पुडी वेगळ्याच डब्यात असते. सोबत शेजारी आला असेल तर घरी फोन लावून खात्री करा.

या सहा प्रश्नांत एक मोठी पोकळी आहे: त्यांतून डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ, सापडत नाही. तिथे ४एटी हे साधन आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. ॲलस्डेअर मॅक्लुलिच यांच्या पुढाकाराने एडिंबरामध्ये बनलेलं हे साधन मोफत आहे आणि दोन मिनिटांत होतं. त्याचे चार भाग असे: जागरूकता (स्पष्टपणे बिघडलेली असेल तर ४), वय-जन्मतारीख-ठिकाण-चालू वर्ष (एक चूक १, दोन किंवा जास्त २), महिने उलटे म्हणणं (सात किंवा जास्त बरोबर आले तर ०, त्याहून कमी किंवा नकार दिला तर १, तपासताच आलं नाही तर २), आणि वागण्यात-समजण्यात अचानक झालेला किंवा दिवसभरात कमीजास्त होणारा बदल (असेल तर ४). एकूण ४ किंवा जास्त म्हणजे डेलिरियमची शक्यता.

यातही आपल्याकडच्या खाचा आहेत. अनेक ज्येष्ठांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना ती तशीच लिहिली गेली. त्यामुळे रुग्णाने सांगितलेली तारीख आधार कार्डाशी जुळली नाही म्हणून लगेच चूक धरू नका, घरच्यांना विचारा. महिने जानेवारीपासून येत नसतील तर चैत्र-वैशाखाने म्हणू द्या, पण उलटेच. ऐकू कमी येत असेल तर ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला जा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून मगच विचारा.

सर्वात जास्त सुटतो तो शांत डेलिरियम, ज्यात रुग्ण बडबड न करता सुस्त पडून राहतो. ‘वयामुळे पडूनच असतात’ असं कळलं की पुढचा प्रश्न एकच: मागच्या आठवड्यात कसे होते? चार दिवसांपूर्वी मंदिरात चालत जाणारा माणूस आज डोळे उघडत नसेल तर तो वयाचा भाग नाही. साखर, सोडियम, ऑक्सिजन, संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, डोक्याला मार आणि नवं औषध, इतकं तरी तपासा. अशा रुग्णाला खाज किंवा झोपेसाठी ॲविल, फेनर्गन देऊ नका. गोंधळ वाढतो. हात बांधूनही वाढतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडमुळे साखर उतरली असेल तर एक डेक्स्ट्रोज (शिरेतून साखर) देऊन घरी सोडू नका. गोळीचा परिणाम लांबतो, साखर पुन्हा पडते, म्हणून २४ तास नजरेखाली ठेवा.

क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, म्हणजे म्हातारपणी शरीर किती खचलंय हे पायऱ्यांत सांगणारं माप, हे तिसरं साधन. केनेथ रॉकवुड यांच्या गटाने डलहौसी विद्यापीठातून २००५ मध्ये आणलेल्या या मापात आधी सात पायऱ्या होत्या, आता नऊ आहेत. त्यात बघायची ती दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती, आज स्ट्रेचरवर दिसणारी नव्हे. ही चूक झाली की न्यूमोनियाचा तापलेला धडधाकट माणूस थेट सातव्या, म्हणजे फार खचलेल्यांच्या, पायरीवर लिहिला जातो. पासष्टीखालच्यांना आणि जन्मापासून अपंगत्व असणाऱ्यांना हे माप लावायचं नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०२० च्या कोविड मार्गदर्शिकेत ते सरसकट लावलं गेलं आणि अपंगांच्या संघटनांच्या आक्षेपानंतर काही दिवसांत दुरुस्ती करावी लागली.

कुठलंही साधन वापरा, आधी आकडे नीट वाचा. नेहमी १६० बीपी असणाऱ्याचं ११० म्हणजे शॉकची सुरुवात असू शकते. नाडी मंद ठेवणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी वाढेलच असं नाही. ताप नसला तरी सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडणं) असू शकतो, छाती न दुखता हार्ट अ‍ॅटॅक येतो, म्हणून धाप, चक्कर किंवा एकाएकी आलेला थकवा असेल तर ईसीजी काढा. रक्त पातळ करणारी गोळी घेणारा माणूस पडून आला, तर डोक्यावर जखम दिसत नसली तरी सीटीचा विचार करा.

गुण लिहून कागद फायलीत गेला तर ही सगळी मेहनत वाया जाते. केसपेपरवर पहिल्याच पानावर चौकट छापा: आयसार, ४एटी, आणि त्यापुढे ‘काय केलं’ ही रिकामी ओळ. ती ओळ भरल्याशिवाय डिस्चार्जवर सही नको. सोडण्याआधी रुग्णाला खाटेवरून स्वतः उठू द्या, रोजची काठी हातात द्या आणि दहा पावलं चालवून बघा. चालता येत नसेल आणि आधी येत होतं, तर कंबरेचा आणि खुब्याचा एक्स-रे पुन्हा बघा. खुब्याचं न हललेलं (हाड जागेवरून न सरकलेलं) फ्रॅक्चर पहिल्या फिल्मवर दिसत नाही असं घडतं, तेव्हा सीटी किंवा एमआरआय करावा लागतो.