शिक्र्याच्या वाटेवरचे दाणापात्र: बाल्कनीतील पक्षी-संचाचे परीक्षण

चिमण्यांसाठी लाकडी घरटे आणि दाणे ठेवण्याचे टांगते पात्र असा जोडसंच सध्या ऑनलाइन बाजारात आणि शहरांतल्या रोपवाटिकांमध्ये सातशे-आठशे रुपयांना मिळतो. एकाच घडणीचा माल वेगवेगळ्या नावांनी विकला जात असल्यामुळे उत्पादकाचे नाव येथे देण्यात अर्थ नाही. पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, हिवाळा आणि उन्हाळा असे दोन्ही ऋतू पाहून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. संचाचा रंग, बांधणी आणि टिकाऊपणा यांविषयी इतर खरेदीदारांनी पुरेसे लिहिले आहे. मला मुख्यतः अशा एका प्रश्नाविषयी लिहायचे आहे, ज्याचा सोबतच्या माहितीपत्रकात उल्लेखही नाही: दाण्यावर आलेल्या चिमणीवर शिक्रा नावाचा शिकारी पक्षी झडप घालतो तेव्हा ते पात्र टांगणाऱ्याने मध्ये पडावे की नाही?

दाणापात्र म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, तिच्याखाली पसरट ताटली आणि वर टांगायला तारेचा आकडा. बाजरी किंवा राळा घातला की थोड्याच दिवसांत चिमण्या येऊ लागतात, त्यांच्यामागून मुनियांचा थवा येतो आणि ताटली रुंद असल्यामुळे होले व पारवेही हक्काने ठाण मांडतात. ताटलीला पाणी निघून जाण्यासाठी भोके नाहीत, त्यामुळे पावसात दाणे आंबतात; तापवलेल्या दाभणाने ती घरीच पाडून घ्यावी लागतात. एवढे सोडले तर पक्षी जमवण्याचे काम हे पात्र चोख करते. मात्र पक्षी रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी, दाटीवाटीने आणि माना खाली घालून बसतात, ही गोष्ट पाहणाऱ्याला जितकी सोयीची तितकीच ती शिक्र्यालाही सोयीची असते.

शिक्रा हा शहरात राहणारा शिकारी पक्षी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. साधारण पारव्याएवढा, पाठीवर राखी आणि पोटावर तांबूस आडव्या रेघा असलेला हा पक्षी आंबा किंवा कडुलिंबासारख्या दाट झाडात निमूट बसून राहतो आणि संधी मिळताच थोड्या अंतरावरून सुसाट झेपावतो. सरडे, पाली, उंदीर, खारी, मोठे कीटक आणि लहान पक्षी असा त्याचा आहार आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ओरडणारा पावशा दिसायला शिक्र्यासारखाच असतो, इतका की लहान पक्षी त्यालाही शिक्रा समजून त्याच्यावर तुटून पडतात. काठी घेऊन बाल्कनीत धावणाऱ्या माणसाचाही हाच घोटाळा होऊ शकतो, एवढे जाता जाता नोंदवतो.

झडपेचा सगळा प्रकार काही क्षणांत उरकतो. बहुतेक झडपा फुकट जातात, कारण बुलबुलाने किंवा खारीने इशारा दिला की थवा पांगतो आणि शिक्रा रिकाम्या पंजाने परततो. अशा वेळी आपण काही करण्याची गरजच नसते. ज्या वेळी झडप साधते, त्या वेळी आपण उठून उभे राहीपर्यंत नख्या भक्ष्याच्या अंगात रुतलेल्या असतात. टाळ्या वाजवून किंवा ओरडून शिक्र्याला भक्ष्य टाकायला लावता येते, यात शंका नाही. पण खाली पडलेल्या चिमणीला नख्यांच्या खोल जखमा आणि जबर धक्का यांतून वाचण्याची फारशी आशा नसते. इकडे हातचे अन्न गेलेला शिक्रा उपाशीच असतो, आणि तो विणीचा काळ असेल तर त्याच्या घरट्यात पिल्लेही वाट पाहत असतात, त्यामुळे थोड्या वेळात तो दुसरा पक्षी पकडणारच. एका चिमणीच्या कळवळ्यापोटी दोन पक्ष्यांचा जीव जावा, असा हा व्यवहार आहे. म्हणून भक्ष्य पंजात सापडल्यानंतर मध्ये पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग ते दृश्य पाहणे कितीही जड जावो. लहान मुले शेजारी उभी असतील तर त्यांना आत न्यावे किंवा काय चालले आहे ते सरळ सांगावे. मला दुसरा मार्ग अधिक पटतो.

शिक्र्यांमुळे चिमण्या संपतील, ही भीतीही तपासून पाहावी. शिक्र्याचा युरोपातील भाऊबंद असलेला स्पॅरोहॉक १९५० आणि १९६०च्या दशकांत शेतीतील कीटकनाशकांमुळे इंग्लंडच्या बऱ्याच भागांतून नाहीसा झाला होता आणि त्या औषधांवर निर्बंध आल्यावर हळूहळू परतला. तो नसताना रानातील लहान पक्ष्यांच्या विणीच्या जोड्या भराभर वाढल्या आणि तो परतल्यावर त्या कोसळल्या, असे तेथील दीर्घकालीन नोंदींत दिसले नाही. लहान पक्ष्यांची संख्या ठरते ती प्रामुख्याने अन्न, निवारा आणि घरट्याच्या जागा यांवरून. आपल्या शहरांतून चिमण्या कमी झाल्या त्यामागेही कौलारू घरे व वळचणी जाणे, पिल्लांना भरवायला लागणारे कीटक घटणे, झुडपे तोडली जाणे अशीच कारणे सांगितली जातात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी लाकडी घरट्यांचा प्रसार केला आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला, तोही निवाऱ्याची ही उणीव ओळखूनच.

तरीही ‘निसर्गाला त्याचे काम करू द्या’ हे वाक्य बाल्कनीत अर्धेच लागू पडते. गवताळ माळावर तुरुमती या ससाण्याने चंडोल पकडला तर त्या घटनेशी आपला काडीचाही संबंध नसतो. येथे मात्र दाणे आपण टाकले, जागा आपण निवडली आणि वेळही आपण लावून दिली. अशा ठिकाणी शिकार झाली तर शिक्र्याला दोष देता येत नाही आणि आपल्यालाही तटस्थ प्रेक्षक म्हणवून घेता येत नाही. मध्ये पडायचेच असेल तर ते शिकारीच्या क्षणाच्या आधी पडावे आणि ते दाणापात्राच्या जागेपासून सुरू करावे. पात्राजवळ, दोन-तीन मीटरांच्या आत, बोगनवेलीसारखी दाट काटेरी वेल असेल तर चिमण्यांना एका झेपेत लपता येते; मोकळ्या कठड्यावर भर उन्हात टांगलेल्या पात्रापाशी अशी सोय नसते. शिक्रा एकदा ती जागा हेरून रोज येऊ लागला तर पात्र उतरवून आठवडा-दोन आठवडे दाणे बंद ठेवावेत. चिमण्या उपाशी मरत नाहीत, त्या दुसरीकडे चरायला जातात आणि शिक्राही आपला मोर्चा हलवतो. माहितीपत्रकात मात्र ‘दाणे रोज न चुकता घालावेत’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि हा सल्ला मला या संचातील सर्वांत घातक भाग वाटतो.

खिडकीच्या काचेचाही येथे संबंध येतो. शिक्रा आला की घाबरलेले पक्षी सैरावैरा उडतात आणि काचेत दिसणाऱ्या आकाशाच्या प्रतिबिंबाकडे जाऊन आदळतात. पात्र काचेपासून एक मीटरच्या आत टांगले तर पक्ष्याला प्राणघातक वेग घेण्याइतके अंतरच मिळत नाही. तेवढे जवळ टांगणे शक्य नसेल तर ते काचेपासून चांगले दूर असावे. तीन-चार मीटरांचे मधले अंतर धोक्याचे, आणि या संचासोबतची लांब दोरी लोकांना नेमके तेच अंतर सुचवते. काहीजण उपाय म्हणून पात्राभोवती नायलॉनची जाळी बांधतात. तिच्यात पाय किंवा पंख अडकून पक्षी मरतात, तेव्हा तो विचारही करू नये.

आता लाकडी घरट्याकडे वळतो. संचातील ही अधिक चांगली वस्तू आहे, पण तिच्यात दोन ठळक दोष आहेत. पहिला दोष म्हणजे दारापुढची बसायची दांडी. चिमणीला आत शिरण्यासाठी दांडीची गरज नसते. दांडीचा उपयोग होतो तो कावळ्याला, टकाचोराला आणि भारद्वाजाला, ज्यांना तिच्यावर टेकून आत चोच घालता येते. ही दांडी करवतीने कापून टाकावी. दुसरा दोष दाराच्या मापाचा आहे. चिमणीला ३२ मिलिमीटर व्यासाचे दार पुरते. येथे ते ५० मिलिमीटरच्या आसपास आहे, ज्यातून साळुंकी आरामात आत शिरते आणि चिमणीला हुसकावून लावते. योग्य मापाचे भोक पाडलेली पत्र्याची चकती दारावर ठोकली की काम भागते. दारापासून तळापर्यंतची खोली मात्र उत्पादकाने पुरेशी ठेवली आहे, त्यामुळे कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत पोहोचत नाही. छप्पर पुढे आलेले आहे, तळाला हवेची भोके आहेत आणि साफसफाईसाठी एक बाजू उघडते, या गोष्टीही समाधानकारक आहेत. प्लायवुड पातळ असल्याने घरटे पश्चिमेच्या उन्हात लावू नये. एप्रिल-मेमध्ये आतील पिल्ले अक्षरशः भाजून निघतील.

मांजराचा विचार येथे वेगळा करावा लागतो, कारण मांजर हा वन्य शिकारी नव्हे. आपण पाळलेले किंवा आपल्या उष्ट्यावर वाढलेले मांजर चिमण्यांवर दबा धरून बसले असेल तर त्याला बिनदिक्कत हाकलावे, आणि घरटे पाइप, कठडा किंवा एसीच्या खोक्यावरून पंजा पोहोचेल अशा ठिकाणी मुळीच लावू नये. मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी वरवर धडधाकट दिसला तरी त्या दातांतील जिवाणूंमुळे जखम चिघळून तो मरू शकतो. त्याला हवेशीर भोके असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे, पाणी चोचीत ओतू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे न्यावे.

शिक्र्याला दगड किंवा गलोल मारणे ही निव्वळ क्रूरता नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा ठरतो. त्याच कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. त्यामुळे शिक्र्याचे घरटे समोरच्या झाडावर आहे म्हणून फांदी छाटून घेणारे सोसायटीचे पदाधिकारी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात, हे त्यांना शांतपणे सांगून पाहावे. कबुतरांचा त्रास होतो म्हणून तक्रार करणारे रहिवासी आणि शिकारी पक्ष्यालाही घाबरणारे रहिवासी बहुधा तेच असतात, हा अनुभव मात्र गमतीचा आहे.

संच एकत्रच घ्यावा लागतो, ही विक्रेत्यांची अडवणूक आहे. घरटे सुटे मिळाले तर दांडी कापून आणि दार लहान करून ते अवश्य लावावे; त्याला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. दाणापात्राला दोनच. ज्यांच्या बाल्कनीत दाट वेल नाही, ज्यांना पात्र काचेजवळ टांगता येत नाही किंवा गरज पडल्यास दाणे थांबवण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी ते माळ्यावर ठेवून द्यावे आणि कठड्याशी मातीच्या पसरट थाळीत रोज स्वच्छ पाणी ठेवावे. उत्पादकाला मी या सर्व सूचना लेखी कळवल्या आहेत. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले.