श्रवणवर्ग: गाणं न शिकता गाणं ऐकायला शिकायचं असेल तर

गाता येत नाही, शिकायचंही नाही, पण शास्त्रीय गायनातला ख्याल चालू असताना नेमकं काय घडतंय ते कळावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक गायिका ऑनलाइन वर्ग घेतात. ओळखीतून ओळखीत चालणारा छोटा वर्ग आहे, जाहिरात त्या करत नाहीत, म्हणून नाव देत नाही. माझं काम मुद्रितशोधनाचं. समोर प्रुफं आणि मागे गाणं, ही वर्षानुवर्षांची सवय. वर्गाचा पहिला नियम नेमका याच्या उलट निघाला: ऐकताना दुसरं काही करायचं नाही, आणि ऐकायचं तेही एका वेळी एकच. ध्वनिमुद्रण तेच, प्रश्न मात्र दर वेळी नवा.

सुरुवात नुसत्या तानपुऱ्यापासून. बाईंनी पहिली तार मंद्र पंचमात, जोडाच्या मधल्या दोन्ही षड्जात आणि शेवटची खर्जात, म्हणजे खालच्या षड्जात, लावली आणि म्हणाल्या, "आता यात गंधार शोधा." गंधाराची तारच नाही, तर शोधायचा कुठे? खर्ज छेडून त्या थांबल्या. नाद विरत गेला तसा त्याच्या वर कुठेतरी बारीक, लख्ख गंधार उभा राहिला. खर्जाच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असलेला तो अंश त्या नादातच असतो. जवारी, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणारा झणकार, चांगली लागली की कानाला सापडतो. मग त्यांनी घोडीवरचा दोरा किंचित सरकवला, गंधार गेला. परत जागेवर आणला, आला. एवढंच तीन-चारदा केलं. त्यानंतर पहिली तार पंचमावरून निषादावर आणून पूरियाचा एक आलाप घेतला, तेव्हा या रागात पंचम नाही म्हणजे काय ते पुस्तकी व्याख्येशिवाय समजलं. संपूर्ण अभ्यासक्रमातला हा सर्वांत मोलाचा पाठ.

तालाचा पाठही तितकाच नेमका होता. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार हे बहुतेक श्रोत्यांना गायकाच्या चेहऱ्यावरून कळतं. इथे चित्र बंद, फक्त आवाज. बारा मात्रांत 'धागे तिरकिट' दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्या मात्रेला. त्यामुळे नवखा कान तिथे फसतो. बाईंनी खूण दिली ती डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या भागाची. पहिल्या 'तिरकिट'नंतर 'तू ना कत् ता' येतं आणि त्या चार मात्रांत डग्ग्याचा घुमारा गायब होतो. तो परत भरला की दुसरं 'धागे तिरकिट', मग 'धी ना', आणि सम. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, तीही बहुधा याच शेवटच्या टप्प्यात उचलली जाते. हे एकदा कानात बसलं की आलापाचा मोठा फेरा घेऊन गायक परत कसा येतो, घाईने येतो की जागा राखून ऐटीत येतो, हे आपसूक ऐकू येतं. (शास्त्रात एकतालाची पहिली खाली, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडायची जागा, तिसऱ्या मात्रेवर सांगितलेली आहे आणि ठेक्यात तिथे भरीव 'धागे' वाजतं. बाईंनी ही विसंगती लपवली नाही, हे मला फार आवडलं.)

रागांसाठी त्यांनी जुळी भावंडंच निवडली होती. भूप आणि देशकार: सा रे ग प ध हेच पाच स्वर, पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तसंच: कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात ऋषभ-धैवत ठाण मांडतात आणि षड्ज लांबच ठेवला जातो, पूरिया गंधार-निषादाच्या आधाराने खाली मंद्रात रमतो, सोहनी तारषड्जाभोवतीच घोटाळते. गृहपाठ होता ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांचा. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, आणि त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तेवढ्यात राग उभा करायचा म्हणजे कलाकार आपला हुकमी स्वरसमूह आधीच टाकणार. तो पहिला स्वरसमूह कोणता, आणि तो पुन्हा कुठे कुठे येतो, एवढंच लिहून पाठवायचं. रागाचं नाव लिहायचं नाही! या एका अटीमुळे माझं ऐकणं बदललं. नाव ओळखलं की कान आराम करतो.

आता उणं. वाद्यसंगीत एका सत्रात उरकलं. आलाप, जोड, झाला आणि गत या वादनाच्या टप्प्यांची ओळख धावती झाली; सतारीतली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, पडद्यावरच तार ओढून कशी निघते हे हळू करून दाखवायला हवं होतं. दुसरं, वर्गाची ध्वनिमुद्रणं फारच दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फायलींत मिळतात. ज्या तानपुऱ्यावर एवढी मेहनत घेतली, त्याचा गंधार त्या फायलींत सापडतच नाही. मोबाइलच्या स्पीकरवर तर डग्गाही ऐकू येत नाही, तेव्हा साधे का होईना, वायरचे हेडफोन घेऊनच बसा.

विश्लेषण करत ऐकलं की गोडी जाते, ही भीती आमच्यापैकी काहींनी बोलून दाखवली. माझा अनुभव वेगळा. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हळुवार हलता, गंधार पूर्वीही अंगावर यायचा. आता त्याची वाट पाहता येते, आणि कोणी तो किती खालून, किती सावकाश हलवतोय याकडे लक्ष जातं.

गायन शिकणाऱ्यांना यातलं पुष्कळ आधीच माहीत असेल. मैफलींना नियमाने जाणाऱ्या, पण बडा ख्याल लांबला की चुळबुळ करणाऱ्या मंडळींनी मात्र नक्की यावं. ठुमरी-दादऱ्याचा असाच स्वतंत्र वर्ग घ्या, असं मी बाईंना कळवलं आहे.